दिवाळीत सुरू केलेला स्वेटर संक्रांतीलाही सुयांवरच का असतो?

लातूर-नांदेडकडची खरी थंडी डिसेंबर-जानेवारीतली. दिवाळीनंतर विणायला घेतलेला स्वेटर तोवर होत नाही आणि बरेचजण तो अर्धवट सोडतात. यात आळसाचा दोष नाही, हिशोब टाक्यांचा आहे.

मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटरमध्ये साधारण २० टाके आणि २८ ओळी बसतात. म्हणजे ५० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब पाठीला १६,८०० टाके. पुढचा भाग जवळपास तेवढाच. मिनिटाला २० टाके धरले तर दोन्हींना सुमारे २८ तास. रोज अर्धा तास विणलं तर ५६ दिवस! बाह्या वेगळ्याच.

अर्ध्या तासात वीण वाढते जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणून लांबी नको, ओळी मोजा. सहा झाल्या की त्या दिवसाचं काम झालं. आणि सुरुवात गणपतीतच करा.