पहिल्या नोकरीचा हिशेब

परिचर्याशास्त्राची पदवी हाती पडली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नावनोंदणी झाली, की तरुण परिचारिकेपुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचे उत्तर तिच्या पाठ्यपुस्तकात नसते. नोकरी कोणत्या रुग्णालयात धरावी? चार वर्षांच्या शिक्षणावर वडिलांची शिल्लक खर्ची पडलेली असते, पुष्कळदा बँकेच्या कर्जाचा पहिला हप्ताही समोर असतो. अशा वेळी जो आधी बोलावील त्याच्याकडे जावे, असा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी देतात. सल्ला सद्‌भावनेचा असतो. तो शहाणपणाचा असतोच असे मात्र नाही.

मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाचे सर्व पैलू एकत्र पाहावयास मिळतात. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये, पार्ल्याचे कूपर, ज्याला 2015 पासून वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली, अंधेरीत होली स्पिरिटसारखे सेवाभावी परंपरेचे रुग्णालय आणि 2009 मध्ये सुरू झालेले कोकिळाबेन अंबानी रुग्णालय, मुलुंडला फोर्टिस, आणि या सर्वांच्या अधूनमधून, इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर चालणारी दहा-वीस खाटांची असंख्य शुश्रूषागृहे. वरवर पाहता निवडीला वाव भरपूर आहे. परंतु ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाची पुरती माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे निवड नावापुरतीच उरते, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. नव्या परिचारिकेची स्थिती अशीच आहे. तिची गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, आरोग्यतपासणी हे सारे रुग्णालयाला माहीत असते. रुग्णालयाबद्दल तिला माहीत असते ते बहुधा काचेचे प्रवेशद्वार आणि जाहिरातीतील वेतनाचा आकडा, एवढेच.

वेतनाच्या आकड्याचा भुलावा

हा आकडा किती फसवा असू शकतो, हे साध्या त्रैराशिकाने दाखविता येते. समजा, एक रुग्णालय महिना 22 हजार रुपये देऊ करते आणि पाळी बारा तासांची आहे. दुसरे 20 हजार देते आणि पाळी आठ तासांची आहे. महिन्याचे 26 दिवस धरले, तर पहिल्या ठिकाणी 312 तास काम होते आणि तासाला सुमारे 70 रुपये पडतात. दुसऱ्या ठिकाणी 208 तास होतात आणि तासाला 96 रुपये मिळतात. दोन हजारांचा लाभ वाटत होता, तो वस्तुतः तोटा ठरला. त्यात प्रवासाची भर घालावी. बोरिवलीच्या मुलीने मुलुंडची नोकरी धरली, तर पश्चिम आणि मध्य या दोन रेल्वेमार्गांची अदलाबदल तिच्या नशिबी आली. 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरी आणि घाटकोपर जवळ आले हे खरे; पण तिचे भाडे लोकलच्या पासाइतके स्वस्त नाही, आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्या थकल्या शरीराला प्रत्येक गाडीबदल जड जातो. म्हणून रुग्णालयाचे वसतिगृह आहे काय, हा प्रश्न वेतनाइतकाच आर्थिक आहे. वसतिगृहातील एक खाट म्हणजे उपनगरातील भाड्याच्या भावाने कित्येक हजारांची पगारवाढच होय.

सरकारी आणि खासगी वेतनातील दरी तर सर्वश्रुत आहे. राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी मूळ 35,400 रुपयांपासून सुरू होते, केंद्राच्या सेवेत 44,900 रुपयांपासून. त्यावर महागाई भत्ता वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने या दरीवर उपाय सुचविला होता. 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन असावे. 100 ते 200 खाटांच्या रुग्णालयात ते फार तर 10 टक्क्यांनी आणि 50 ते 100 खाटांच्या ठिकाणी फार तर 25 टक्क्यांनी कमी असावे. त्याहून लहान शुश्रूषागृहातही 20 हजारांपेक्षा कमी नसावे, अशी ती शिफारस. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि शिफारशींचे जे सहसा होते तेच झाले. तथापि, मुलाखतीला जाणाऱ्या मुलीच्या हाती हा एक मोजण्याचा गज आहे. रुग्णालयाच्या खाटा किती, हे विचारले की आपल्याला किती मिळावयास हवे हे तिला समजू शकते.

एका परिचारिकेमागे किती रुग्ण?

वेतनाहूनही महत्त्वाचा एक आकडा आहे आणि तो कोणी विचारीत नाही. एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपविले जातात? भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी. पालिकेच्या गजबजलेल्या कक्षांत, जेथे खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या पडतात, तेथे हे प्रमाण कागदावरच राहते हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते आणि खुद्द परिचारिकांचा थकवा व नोकरीबद्दलचे असमाधानही वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने तर 2004 पासून हे प्रमाण कायद्याने बंधनकारक केले. तेव्हा हा प्रश्न विचारणारी मुलगी केवळ स्वतःची सोय पाहत नाही. ती तिच्या हाती येणाऱ्या रुग्णाचीही वकिली करीत असते.

नवशिक्या परिचारिकेची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. पहिल्या दोन वर्षांचा अनुभव हे तिचे भांडवल. आखाती देशांतील किंवा मोठ्या शहरांतील पुढच्या नोकरीत प्रथम विचारला जातो तो हाच अनुभव. पालिकेच्या रुग्णालयात तिला डेंग्यूपासून भाजलेल्या रुग्णापर्यंत सर्व काही पाहावयास मिळते. हात तयार होतो, धिटाई येते. मोठ्या खासगी रुग्णालयात नवी यंत्रे, लेखी कार्यपद्धती आणि नोंदींची शिस्त शिकता येते. परंतु ज्या शुश्रूषागृहात पहिल्याच रात्री तिला एकटीला सबंध मजला सोपविला जातो, तेथे ती शिकत नाही, नुसती निभावते. नव्या परिचारिकेबरोबर किती आठवडे अनुभवी सिस्टर राहतील, हे ज्या रुग्णालयाला सांगता येत नाही, त्याचे वेतन कितीही असो, ते महागच पडणार.

सेवाबंध आणि सुरक्षा

दुसरा धोका सेवाबंधाचा. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यावयाची, दोन-तीन वर्षे सोडणार नाही असे लिहून घ्यावयाचे आणि सोडल्यास रकमेची मागणी करावयाची, ही प्रथा मुंबईला अपरिचित नाही. 2011 च्या ऑक्टोबरात शहरातील एका खासगी रुग्णालयात एका तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर तिच्या सहकारी रस्त्यावर आल्या, तेव्हा ही प्रथा सर्वांसमोर आली. प्रमाणपत्र हे शिकणारीच्या कष्टाचे फळ आहे. ते तारण म्हणून मागणाऱ्या संस्थेच्या पायऱ्या उतरून खाली यावे, यातच शहाणपण.

सुरक्षेविषयी अधिक काय लिहावे? 1973 मध्ये केईएमसारख्या नामांकित रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर जे गुदरले आणि पुढे 2015 पर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांची जी शुश्रूषा केली, ते मुंबई विसरलेली नाही. 2018 मध्ये मरोळच्या कामगार विमा रुग्णालयात आणि 2021 मध्ये भांडुपच्या एका मॉलमधील रुग्णालयात लागलेल्या आगींनी आणखी एक प्रश्न शिकविला. कपडे बदलण्याची खोली कोठे आहे, रात्री वाहन मिळते काय, 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे काय, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, हे प्रश्न नोकरीच्या अर्जाइतकेच आवश्यक आहेत.

सारे प्रश्न एका बावीस वर्षांच्या मुलीनेच विचारावेत, अशी अपेक्षा धरणे मात्र अन्यायाचे होईल. गरजू उमेदवार घासाघीस करू शकत नाही. वेतन, पाळीचे तास, परिचारिका-रुग्ण प्रमाण आणि सेवेच्या अटी प्रत्येक रुग्णालयाने जाहीर फलकावर लावणे राज्य शासनाला सक्तीचे करता येईल. त्याला फारसा खर्चही नाही. परिचर्या महाविद्यालयांनी आपल्या माजी विद्यार्थिनींचे अनुभव नोंदवून ठेवले, तर शेवटच्या वर्षाच्या वर्गाला जाहिरातीपेक्षा भरवशाची वाट सापडेल. 2020 च्या साथीत याच शहराने परिचारिकांसाठी गॅलऱ्यांतून टाळ्या वाजविल्या होत्या. त्या वेळी अतिदक्षता विभागात उभ्या राहिलेल्यांत पहिल्या नोकरीवर असलेल्या मुली कमी नव्हत्या. त्यांच्या धाकट्या बहिणी आता मुलाखतीच्या रांगेत उभ्या आहेत, आणि फलकावर लिहिलेल्या चार आकड्यांची त्यांना अधिक गरज आहे.