उठताना हात टेकावा लागतो का?

त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेली निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगरात येते, तेव्हा पंगतीकडे जरूर पाहावं. ऐंशीच्या घरातली एखादी माऊली जेवण आटोपते, पदर खोचते आणि हात न टेकता उठते. मला तर तिच्या चालण्याहूनही त्या उठण्याचं अप्रूप वाटतं. कारण म्हातारपणी आधी झिजतात ते असं उठताना झटक्यात जोर लावणारे स्नायुतंतू. नुसत्या संथ चालण्यानं ते टिकत नाहीत, त्यांना भार लागतो. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी 8 आठवडे पायांनी वजनं उचलली. मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली! घरच्या आजी-आजोबांना डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून रोज थोडी उठबस करायला लावा. सुरुवातीला शेजारी उभे राहा.