यलोस्टोनमधला निवांत मुक्काम: फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क

मोटरहोम घेऊन यलोस्टोनला जाणाऱ्यांचा या तळावर विशेष जीव. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी थेट गाडीपाशी देणारा या राष्ट्रीय उद्यानातला हा एकमेव तळ. गाडी उभी केली, नळी लावली, वायर खोचली, की चहाचं आधण ठेवायला मोकळे!

तंबूला मात्र सक्त मनाई. हा इलाखा ग्रिझली अस्वलांचा, त्यामुळे टणक भिंतींच्या गाड्यांनाच प्रवेश. कापडी बाजूंचे ट्रेलरही चालत नाहीत. खाण्याचं सामान बाहेर विसरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

उंची सुमारे ७,८०० फूट. जुलैतही रात्री स्वेटर लागतो.

जवळच यलोस्टोन नदीवर १९३७ सालचा पूल आहे. १९७३ पासून त्यावरून गळ टाकायला बंदी आहे. कठड्याला टेकून कटथ्रोट ट्राउट मासे मात्र हवे तितका वेळ बघावेत.