जावरच्या डोंगरातील जस्त

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर, अरवलीच्या रांगांतून टीडी नदी जेथे वाट काढीत जाते, त्या जावरच्या मुलुखात मोचिया मगरा आणि जावरमाला या डोंगरांच्या अंगावर जी विवरे दिसतात, ती प्रथमदर्शनी कोणासही निसर्गनिर्मित गुहाच वाटावीत. परंतु आत शिरून भिंतीवर हात फिरविला की शंका फिटते. भिंती गोलसर व गुळगुळीत आहेत आणि बोटांना काजळी लागते. खडकाशी लाकडे रचून पेटवावयाची, तापून तो भेगाळला म्हणजे लोखंडी हत्यारांनी फोडून काढावयाचा, ही येथील प्राचीन रीत होय. आणि जुन्या कामांत सापडलेल्या लाकडांचे कालमापन तिला 2,000 वर्षांहून मागे नेते.

विवर कोठे दालनासारखे रुंदावते, कोठे माणूस कसाबसा सरकेल इतके चिंचोळे होते. हा आकार खनिजानेच ठरविलेला आहे. येथील डोलोमाइट दीड अब्ज वर्षांहून जुना. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा तो खडक पर्वतनिर्मितीच्या दाबाखाली दुमडला, चिरफाळला, आणि त्याच्या भेगांतून व कमकुवत पट्ट्यांतून जस्त, शिसे व लोह यांची गंधकयुक्त खनिजे एकवटली. जुन्या खाणकऱ्यांनी त्या शिरांचा माग इतक्या निष्ठेने काढला की उरलेली पोकळी म्हणजे गेलेल्या खनिजाचा जणू साचाच आहे.

विवराबाहेरच्या दगडांच्या राशीतला एक खडा मी उन्हात धरला. करड्या डोलोमाइटात मधाच्या रंगाची, राळेसारखी चकाकणारी शीर होती, ते जस्ताचे खनिज स्फॅलेराइट. तिच्या कडेला निळसर-करड्या, चौकोनी पायऱ्यांनी फुटणाऱ्या कणांचे गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज. सौम्य आम्लाचा थेंब अखंड डोलोमाइटावर टाकला तर तो जवळजवळ निश्चल राहतो; तोच चाकूने भुकटी खरवडून तीवर टाकला की बुडबुडे उठतात. अखंड असतानाच फसफसणारी चुनखडी ओळखण्यास सरावलेल्या डोळ्यांना हा फरक फार मोलाचा.

शिसे मिळविणे तुलनेने सुलभ. जस्ताची गोष्ट निराळी. त्याच्या भाजलेल्या खनिजातून धातू सुटा व्हावयास 1,000 अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि जस्त तर 907 अंशांवरच उकळते. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागताच पुन्हा भस्म होतो. या अडचणीवर जावरच्या कारागिरांनी शोधलेला उपाय 1983 च्या सुमारास झालेल्या उत्खननात भट्ट्यांसह प्रत्यक्ष हाती आला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेल्या खनिजाच्या गोळ्या भरीत, तिच्या तोंडाला मातीची नळी जोडीत, आणि अशा 36 मुशी सच्छिद्र विटांच्या तळावर उलट्या उभ्या करीत. वरच्या कोठीत विस्तव, खालच्या कोठीत थंडावा. वाफ नळीतून खाली उतरे आणि गार होऊन भांड्यात थेंबाथेंबाने साचे. उलट्या मुशीतला माल नळीतून गळू नये म्हणून नळीत एक काडी खुपशीत. भट्टी तापेपर्यंत ती माल धरून ठेवी, आणि पुढे जळून गेली की वाफेला मार्ग मोकळा होई. इतक्या लहानशा काडीत एवढी योजना भरलेली पाहून मला त्या अनामिक कारागिरांविषयी मनापासून आदर वाटला.

मालात डोलोमाइटही घालीत. तो वितळत नसल्यामुळे मुशीतला ऐवज सच्छिद्र राही आणि वाफेची कोंडी होत नसे. ज्या खडकाने धातूला उदरात सांभाळले, त्याचाच असा उपयोग करून घेणाऱ्यांना आपल्या डोंगराची प्रकृती पुरती ठाऊक होती. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्रावरील जुन्या संस्कृत ग्रंथातही वांग्याच्या आकाराच्या मुशीचे वर्णन आहे. तिकडे इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्ताच्या अशाच ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे वाफ करून ती गार करण्याच्या रीतीचे, पेटंट मिळाले ते 1738 मध्ये.

मेवाडच्या महाराणांच्या अमदानीत या खाणी दरबारच्या उत्पन्नाची मोठी बाब होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी फौजांच्या स्वाऱ्यांनी आणि दुष्काळाने त्या बंद पाडल्या, ही गोष्ट मराठी माणसाने नजरेआड करू नये. निकामी मुशींच्या टेकड्या नदीकाठी आजही पसरल्या आहेत. गावातल्या पडक्या भिंतींतून त्याच मुशी विटांप्रमाणे रचलेल्या दिसतात, आणि काहींच्या अंगावर विस्तवाने आणलेली काचेसारखी झिलई अद्याप शाबूत आहे.