मधले एक तप

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी अशा तीन युद्धनौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. बातम्यांचा भर साहजिकच तीन या आकड्यावर होता. माझे लक्ष मात्र दोन नावांवर अडले. ‘नीलगिरी’ हे नाव माझगावला नवे नव्हते. आणि ‘वागशीर’ ज्या गोदीत घडली, तिथे एकेकाळी तपभर एकही नवी पाणबुडी बांधली गेली नव्हती.

मुंबईच्या जहाजबांधणीबद्दल लिहायला बसले की वाडिया या जहाजबांधणी घराण्यापासून सुरुवात करायचा मोह होतो. १८१७ साली इथे सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, म्हणजे मोह अगदीच अनाठायी नाही. पण सागवानातली कारागिरी पोलादात आपोआप उतरत नाही. मधल्या शतकभरात तो धागा तुटलाच होता. सरकारने १९६० मध्ये माझगाव डॉक ब्रिटिश मालकांकडून विकत घेतले, तेव्हा तिथे आधुनिक युद्धनौका कधी बांधली गेली नव्हती. कोलकात्याची गार्डन रीच गोदीही त्याच सुमारास सरकारकडे आली. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. चीनच्या युद्धामुळे त्यांच्या नावावर जे काही जमा आहे ते असो. या दोन गोद्यांचे श्रेय त्यांच्या खात्यावर मांडायला हवे.

पुढे ब्रिटनच्या ‘लिअँडर’ जातीच्या फ्रिगेटी परवान्याने इथेच बांधायचे ठरले. तयार जहाज आणणे केव्हाही लवकरचे झाले असते. पहिल्या ‘नीलगिरी’चा कणा ऑक्टोबर १९६६ मध्ये बसवला गेला, दोन वर्षांनी इंदिरा गांधींच्या हस्ते तिचे जलावतरण झाले आणि ती नौदलात आली जून १९७२ मध्ये. तोवर बांगलादेशचे युद्ध होऊन गेले होते. पण ऑर्डर एका जहाजाची नव्हती. हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी अशी एकापाठोपाठ एक १९८१ पर्यंत सहा जहाजे त्याच गोदीतून उतरली. शेवटच्या दोघींत तर मूळ आराखड्याला हात घालून मोठ्या ‘सी किंग’ हेलिकॉप्टरसाठी जागा काढली. ज्यांनी नकाशा वाचायला सुरुवात केली होती, ते आता नकाशा खोडू लागले होते. १९८३ ची ‘गोदावरी’ या हातांतूनच आली. आराखडा नौदलाच्या स्वतःच्या अभियंत्यांचा, आणि पोटात सोव्हिएत क्षेपणास्त्रे नि पाश्चात्त्य यंत्रणा शेजारी शेजारी. हा संसार त्याआधी कुणी मांडून पाहिला नव्हता.

पाणबुडीची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाने गेली.

डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला: दोन कील बंदरात बांधायच्या, दोन माझगावात. आणखी दोनचा पर्याय पुढे होता. माझगावची माणसे कीलला जाऊन शिकून आली. पाणबुडीचे दाबकवच म्हणजे जाड पोलादाची गोल कडी एकमेकींना सांधत नेलेले नळकांडे. प्रत्येक सांध्याची क्ष-किरण तपासणी होते, आणि तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी सापडली तरी सांधा उकरून पुन्हा भरावा लागतो. हे काम पुस्तक वाचून येत नाही. ते वेल्डरच्या मनगटात असते, आणि मनगट रोजच्या रोज चालले तरच टिकते. अशा मनगटांतून ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ मे १९९४ मध्ये नौदलात आली.

आणि तिथेच सगळे थांबले. १९८७ च्या वसंतात बॉनमधल्या भारतीय वकिलातीकडून एक तार आली होती, या व्यवहारात सात टक्के दलाली गेल्याचे सांगणारी. तेव्हाचे संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंगांनी चौकशी लावली, मग राजीनामा दिला; त्याचे राजकीय रामायण सर्वांना ठाऊक आहे. तपास वर्षानुवर्षे रेंगाळला. पुढच्या दोन पाणबुड्या मात्र त्यात कायमच्या बुडाल्या. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण शिक्षा झाली ती माझगावच्या वेल्डरांना. काही निवृत्त झाले, काही दुसऱ्या कामांवर गेले, काही गोदी सोडून बाहेर पडले. १९९९ मध्ये मंत्रिमंडळ समितीने तीस वर्षांत चोवीस पाणबुड्यांची योजना मंजूर केली, तेव्हाही गोदीत नवे कवच उभे नव्हते. फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि पहिली पोलादी चादर कापली गेली डिसेंबर २००६ मध्ये. ‘शंकुल’पासून बारा वर्षे, एक अख्खे तप.

मग जे व्हायचे तेच झाले. पुन्हा नव्याने माणसे तयार करावी लागली, परवाना पुन्हा विकत घ्यावा लागला. २०१२ मध्ये यायची पहिली स्कॉर्पीन ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आली. तिच्यासाठी निवडलेले इटालियन टॉर्पेडो हेलिकॉप्टर खरेदीच्या दुसऱ्याच वादात अडकून रद्द झाले, म्हणून नव्या पाणबुडीत टॉर्पेडो घातले ते ऐंशीच्या दशकातल्या त्या जर्मन पाणबुड्यांच्या पिढीतले. एका घोटाळ्याने रिकामी केलेली जागा दुसऱ्या घोटाळ्यामुळे जुन्याच सामानाने भरावी लागली!

पृष्ठभागावरच्या जहाजांना ऑर्डरींचा दुष्काळ असा पडला नाही, पण उशीर तिथेही होताच. ‘दिल्ली’ ही विनाशिका १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षे घडत होती. तिची शस्त्रे ज्या देशातून यायची तो सोव्हिएत संघच मध्ये कोसळला. ‘कोलकाता’ वर्गात दोष आपलाच जास्त. आराखडा पुरा होण्याआधी, कोणते क्षेपणास्त्र बसणार हे नक्की नसताना बांधणी सुरू करायची आणि मग झालेली कामे उकलत बसायचे, अशी रीत होती. तिन्ही जहाजांचा मंजूर खर्च ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेल्याचे कॅगने नोंदवले आहे. नामनिर्देशनाने ऑर्डर मिळणाऱ्या सरकारी गोदीला घाई कशाची असणार?

याच्या उलट टोकाला गोव्याचे सुरुंगशोधक. परदेशी निविदा २०१४ मध्ये दलालांच्या संशयाने रद्द झाली, मग २०१५ मध्ये काम गोवा शिपयार्डकडे आले, कोरियन कंपनीशी बोलणी चालली, वास्कोत नवी शेड आणि यंत्रसामग्री उभी राहिली आणि २०१८ मध्ये सुमारे ३२,००० कोटींचा तो प्रकल्पच गुंडाळला गेला. मांडव सजला, वऱ्हाड आलेच नाही. जुने सुरुंगशोधकही २०१९ पर्यंत निवृत्त झाले. खासगी गोद्यांचे तर विचारूच नका. ३० टक्के अनुदानाची योजना ऑगस्ट २००७ मध्ये संपली, लगेच जगभर मंदी आली, आणि नवी योजना लागू व्हायला २०१६ उजाडले. तोवर रत्नागिरी-दाभोळला गोद्या असलेली भारती शिपयार्ड कर्जात रुतली होती. ती शेवटी अवसायनात गेली.

या सगळ्यात एक काम मात्र बिनबोभाट झाले. युद्धनौकेचे खास पोलाद रशियाकडून वेळेवर मिळेना, तेव्हा हैदराबादच्या प्रयोगशाळेने आणि ‘सेल’ने ते इथे बनवले; विमानवाहू ‘विक्रांत’ त्याचीच आहे. इंजिने मात्र अजून युक्रेन नि अमेरिकेची, हे सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर झाले. त्याच वर्षी पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकने एका परदेशी भागीदारासह वाटाघाटी सुरू केल्या. ‘कलवरी’ वर्गातली शेवटची ‘वागशीर’ तोवर गोदीबाहेर पडली होती. भागीदाराचे नाव थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स. ही एचडीडब्ल्यूचीच वारस, आणि तिची गोदी आहे कीलला.