चरबीचा हिशेब आणि पाण्याची अडचण

गरोदर बाईच्या अंगावर चरबी किती चढते, या प्रश्नाचं पहिलं ठाम उत्तर स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून आलं. फ्रँक हायटन आणि इझाबेला लीच यांचा गर्भावस्थेवरचा ग्रंथ १९६४ साली निघाला. नऊ महिन्यांत सरासरी साडेबारा किलो वजन वाढतं. त्यातून बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त वगैरे वजा केलं, की साधारण साडेतीन किलो चरबी उरते, असा त्यांचा हिशेब होता. पुढे गरोदरपणाला एकूण ८०,००० किलोकॅलरी जादा लागतात असं मानलं गेलं आणि १९८५ साली जागतिक तज्ज्ञ समितीने दिवसाला २८५ किलोकॅलरींची शिफारस केली, त्यामागे हाच हिशेब होता. त्यातला मोठा वाटा या चरबीचाच.

हा आकडा मोजायचा कसा, हे मात्र कठीण होतं. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, हे तेव्हाच्या पद्धतींनी गृहीत धरलेलं होतं. गरोदरपणात नेमकं तेच गृहीतक मोडतं. दिवस भरत येतात तसं हे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही वर जातं. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण जड पाणी पाजून, ते अंगात किती विरळ झालं त्यावरून एखाद्या बाईच्या शरीरातलं पाणी ३८ किलो भरलं असं धरा. ७३ टक्क्यांनी हिशेब केला तर चरबीविरहित शरीर ५२ किलो येतं, ७५ ने केला तर पावणेएक्कावन्नच्या आत. जवळजवळ दीड किलोचा फरक! आणि मोजायची असते ती जेमतेम तीन-साडेतीन किलोंची वाढ. ७३ टक्केच धरले, तर या पद्धतीत चरबी कमी दिसते. पाण्याखाली वजन करून घनता काढली, तर त्याच कारणाने ती जास्त दिसते. एकाच कारणाच्या या दोन उलट चुका ध्यानात घेऊन नंतरच्या संशोधकांनी दोन्ही मापं एकत्र वापरायला सुरुवात केली. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. चरबी मोजणारं, पण क्ष-किरणांवर चालणारं डेक्सा यंत्र अर्थातच गरोदरपणात टाळतात.

मधल्या काळात अ‍ॅबर्डीनच्या आकड्याला धक्का बसला होता. स्कॉटलंड, नेदरलंड्स, थायलंड, फिलिपिन्स आणि गांबिया या पाच देशांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्कॉटिश बायकांची चरबी सुमारे २.३ किलोंनी वाढली होती, गांबियातल्या बायकांची जेमतेम ०.६ किलोने. गांबियातल्या बायका शेतात राबत होत्या, अन्न अपुरं होतं, तरी त्यांची बाळं जन्माला येत होती. शरीर स्वतःचा खर्च आखडून गर्भाला पोसत होतं. एका शहरातल्या बायकांचं माप जगभरच्या बायकांना लावणं किती धोक्याचं, हे त्या आकड्यांनी दाखवलं.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. त्यांनी गर्भ राहण्याआधीच बायकांची मापं घेतली. त्यामुळे वाढ कुठून सुरू झाली, ते कळण्याची सोय झाली. दंडावरची, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरून घडीची जाडी मोजायची, एवढीच साधी पद्धत. आयांचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास, बाळांचं २.७ किलोंच्या जवळपास. साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा दिसलं, की आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण पाठीवरच्या चरबीत त्या मानाने फारशी मागे नाहीत.

आज तपासणीला गेलेल्या बाईला वजनकाट्यावर उभं करतात, आकडा कार्डावर लिहितात. त्यात पाणी किती, चरबी किती, ते कळत नाही. पायांतून वीज सोडून चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्रांतही सहसा गरोदर नसलेल्या शरीराचंच सूत्र असतं, म्हणून गरोदर बाईने त्या आकड्यावर विसंबू नये. कॅलिपरलाही मर्यादा आहेतच. शेवटच्या महिन्यांत सूज आली की घडी फसवी होते. पण एकच प्रशिक्षित हात, त्याच जागा आणि सातव्या महिन्यापर्यंतची नियमित मापं एवढं सांभाळलं, तर बाईची चरबी वाढते आहे की झिजते आहे, याचा अंदाज येतो. खेड्यातल्या घरांमध्ये हे करून झालेलं आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते सुरू करायला हवं.