सोरायसिस : कातडी जपा, जाळू नका

थंडी पडू लागली की कोपर, गुडघे, डोकं यांवर लाल चट्टे पुन्हा वर येतात. त्यावर चंदेरी पापुद्रे धरतात, अंथरुणात कोंडा पडतो. हा सोरायसिस. पुष्कळजण त्याला नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात. पण नायटा बुरशीमुळे होतो. सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती चुकीचा इशारा देते. एरवी साधारण महिन्याभरात नवी होणारी कातडी आठवड्याच्या आतच नवी होऊ लागते आणि जुने थर वर साचतात.

म्हणून तो शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एक टॉवेल वापरल्याने, बाळाला कुशीत घेतल्याने लागत नाही. तरी अशा सुनेचा पेला वेगळा ठेवणारी घरं आहेत. शिवाशिवीचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ती आपल्या घरात तरी नको.

घरी काय करावं?

आंघोळ कोमट पाण्याने, 10 मिनिटांत उरका. कडक साबण, वजरी, नारळाची शेंडी नको. अंग टिपून घ्या, रगडू नका. कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. दिवसातून दोन-तीनदा लावलं तर पापुद्रे मऊ पडतात, खाजही कमी होते. डोक्याला रात्री तेल लावून सकाळी धुवा. खपल्या नखांनी किंवा फणीने उपटू नका. जिथे जखम होते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ घेतलं तर चालेल, पण कातडी भाजू देऊ नका.

बिब्बा, चुना, लसूण, लिंबू, रॉकेल चट्ट्यावर लावू नका. बिब्ब्याने कातडी अक्षरशः भाजते.

खाण्याचं काय?

वांगं, आंबट, अंडी, मासे सगळं बंद करा, असं सर्रास सांगितलं जातं. अमुक पदार्थ सोडला की सोरायसिस जातो, असं सिद्ध झालेलं नाही. अंडी-मासे सोडले तर गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रथिनच जातं. एखादी वस्तू खाल्ली की आपला त्रास दर वेळी वाढतो असं दिसलं, तर तेवढीच सोडा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने खरा फरक पडतो. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा. वडापाव, फरसाण, कोल्ड्रिंक कमी करा. दारू आणि विडी-सिगारेट आजार वाढवतात, त्या सोडाच.

घसा दुखून ताप येणं, मनावरचा ताण, काही औषधं यांनीही आजार उसळतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात येतात. पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

ट्यूब आणि इंजेक्शन

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, सांगितल्या जागीच लावलं तर ते उपयोगी आहे. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते. स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनने चार दिवस आराम पडतो, पण ते थांबताच आजार दुपटीने उलटू शकतो. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटची गोळी दिली असेल, तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही, दारूबरोबर तर नाहीच.

दवाखान्यात कधी जावं?

चट्टा पहिल्यांदाच उठला असेल तर एकदा सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर मोफत आणि पूर्ण बरं करणारे उपचार आहेत. सकाळी सांधे आखडत असतील, बोटं सुजत असतील तर थांबू नका. सोरायसिस सांध्यांत शिरतो आणि उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. अंगभर लाली, थंडी-ताप, पुवाच्या पुळ्या दिसल्या तर त्याच दिवशी जा.

हा आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. ‘कायमचा घालवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याच्या हातात मजुरी देऊ नका.